आधी सांगा, अडवायचं कोणाला?

या खेपेच्या बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न एकच आहे: "अक्का, कुंपणाला एकरी खर्च किती येतो?" मला याचं उत्तर देता येत नाही, कारण कुंपण एकरावर मोजतच नाहीत, ते चालू फुटावर मोजतात. एक एकर चौकोनी वावराला साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. तेच एकर लांबट पट्टीत असेल तर दुपटीच्याही पुढे जातं. म्हणून पत्र लिहिताना एकर लिहाच, पण लांबी-रुंदी लिहा, जमीन काळी का मुरमाड ते लिहा आणि कोणाला अडवायचं ते लिहा. डुक्कर, शेळी, मोकाट गाय आणि माणूस या चौघांना चार वेगळी कुंपणं लागतात.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सेलूच्या बाजूची. नवऱ्याबरोबर एकोणतीस वर्षं कुंपणाची कामं केली, पहारीनं खड्डे खांदण्यापासून. आता कामं मुलगा बघतो. मापं घ्यायला मात्र अजून मीच जाते.

प्रश्न: अक्का, आमचं वावर डोंगराच्या पायथ्याला, मुरमाड. चार एकर आहे, पण वाटण्या होऊन नुसती पट्टी उरली. रुंदी ११० फूट, लांबी १,५८४ फूट. खरिपात मका, रब्बीला हरभरा, उन्हाळी भुईमूग. डुकरं भुईमूग उकरतात, रोही (नीलगाई) हरभऱ्याचे शेंडे खातात. पाच पदरी काटेरी तार लावली होती, डुकरं खालून घुसतात. दुकानदार म्हणतो जाळी घ्या, पोरगं म्हणतं झटका मशीन घ्या. गावातले काही जण म्हणतात, रातच्याला तारेत सरळ लाईट सोडा, एक डुक्कर मेलं की बाकीची फिरकत नाहीत. शेजारची पट्टी चुलतभावाची, तेवढीच आहे. त्याचंही नुकसान होतं, पण आमचं सहा वर्षं बोलणं नाही.
*— एक शेतकरी, जिंतूर तालुका*

उत्तर: दादा, लाईट सोडायची नाही. बाकीचं नंतर बोलू, आधी हे ऐका.

२००१ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा दीर रात्री पाणी द्यायला गेला. पंपाची लाईट तेव्हा रात्रीच यायची. बांधापलीकडे भुईमुगाभोवती कोणी उघडी तार पसरली होती, गुडघ्याच्याही खाली. दिराच्या पायाखाली ओला चिखल. सकाळी भाकरी घेऊन गेलेल्या माझ्या जावेनं त्याला बघितलं. तिची धाकटी लेक तेव्हा चालायला शिकत होती. तार लावणारा माणूस वाईट नव्हता, आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायलेला होता. त्याची पुढची वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली, वावर विकावं लागलं. एका डुकरापायी दोन घरं बसली. तेव्हापासून कोणी मला "सरळ लाईट" म्हणालं की मी त्याच्या वावराचं माप घेत नाही, उठून येते.

कायद्याचंही माहीत असू द्या. आकडा टाकून लाईट घेणं ही वीजचोरी, २००३ च्या वीज कायद्यानं गुन्हा. रानडुक्कर किंवा रोही मेलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. क्लच वायरचे फास लावणंही यातच आलं.

आता तुमच्या पोराचं. झटका मशीन आणि सरळ लाईट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तुम्हाला समजला पाहिजे, म्हणजे कोणी काही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. घरातली लाईट २३० व्होल्टची असते आणि सारखी वाहते. हाताला तार लागली की स्नायू आखडतात, मूठ आवळते, माणसाला हात सोडवताच येत नाही. झटका मशीन बॅटरीची वीज साठवून साधारण दर सेकंदाला एकदा सोडतं. व्होल्ट काही हजारांत, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून छोटा. जनावराला जोराचा फटका बसतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते मागे पळतं. डुकराच्या ओल्या नाकाला एकदा लागलं की ते तार विसरत नाही. मशीन मानकाचा शिक्का असलेलंच घ्या. मोंढ्यात काही जण घरी जोडलेली पेटी स्वस्तात विकतात. तिच्यात ठोका किती वेळाचा आहे, हे ना विकणाऱ्याला ठाऊक असतं ना घेणाऱ्याला.

म्हणजे तुम्हाला झटकाच योग्य. जाळी तुमच्या पट्टीला परवडणार नाही, आणि जाळीचा खालचा काठ मातीत फूटभर गाडला नाही तर डुक्कर नाकानं उचलतंच. जाळी ठेवा विहिरीभोवती, रोपवाटिकेला, कोंबड्यांना.

पण मशीन घ्यायच्या आधी एक गणित करा. मी तुमच्याच मापानं केलंय.

तुमची एकट्याची पट्टी: ११० अधिक १,५८४, त्याची दुप्पट. ३,३८८ फूट. चार एकर चौकोनी असतं तर १,६७० फुटांत काम झालं असतं. वाटणीनं तुमच्या कुंपणाचा खर्च दुप्पट करून ठेवलाय. आता चुलतभावाची पट्टी जोडून धरा. रुंदी २२० झाली, लांबी तीच. दोघांच्या आठ एकराला मिळून ३,६०८ फूट. तुमच्या वाट्याला १,८०४. मधला सामायिक बांध दोघांनाही तारेत घ्यावा लागत नाही, म्हणून हे होतं. पलीकडे अजून एक भाऊ तेवढ्याच पट्टीचा असेल आणि तो आला, तर माणशी १,२७६ फूट.

सहा वर्षं बोलणं नाही म्हणता. दादा, तुमच्या भांडणाचं कारण मला माहीत नाही, आणि विचारतही नाही. पण त्याच्या वावरातून आलेलं डुक्कर तुमच्या भुईमुगात शिरतं आणि तुमच्या वावरातून निघालेलं त्याच्या. हे गणित एका कागदावर मांडा आणि घरी जा. मोठं माणूस म्हणून जा, चूक कोणाची ते काढू नका. मी अशा कामांत दोन भाऊ एकाच मशीनपाशी आळीपाळीनं जागलीला बसलेले पाहिलेत. बॅटरी कोणाच्या आखाड्यावर (रानातल्या खोपीवर) राहील, तण कोण काढील, तार तुटली तर पैसे कसे, एवढं आधीच लिहून ठेवा. तोंडी ठेवलं की पुन्हा बोलणं बंद.

तारा पाच. जमिनीपासून ९, १८, ३०, ४४ आणि ६० इंचांवर. खालच्या दोन डुकराच्या, वरच्या रोह्याच्या. साधी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घ्या, काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका, कारण काट्यात अडकलेल्याला सुटता येत नाही. तुमची जुनी काटेरी तार तिथेच ठेवायची असेल तर झटक्याच्या तारा तिच्यापासून दूर आतल्या बाजूला वेगळ्या खांबांवर न्या. पाच पदर आणि ३,६०८ फूट म्हणजे साडेपाच किलोमीटर तार झाली. मशीन घेताना हा आकडा सांगा आणि तण चिकटल्यावर ते किती अंतर ओढतं ते विचारा. कोऱ्या तारेवरचा आकडा दुकानदार सांगतोच, तो सोडून द्या.

मुरमाड जमिनीत मशीन फसतं ते अर्थिंगमुळे, हे मी शंभरदा पाहिलंय. ठोका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगला परत गेला तरच झटका बसतो. एप्रिल-मेमध्ये तुमचा मुरूम हाडासारखा कोरडा होतो, वीज परत जातच नाही. मशीन टिकटिक करतं, दिवा लागतो आणि डुकरं आरामात आत. म्हणून जीआयच्या सहा फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोका, विहिरीच्या किंवा हाळाच्या (जनावरांच्या पाण्याच्या हौदाच्या) ओलीत ठोका आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओता. तरी झटका कमी वाटला तर दुसरी आणि चौथी तार अर्थिंगला जोडा. जनावर घुसताना दोन तारांना एकदम शिवतं आणि कोरड्या जमिनीची गरजच उरत नाही.

आठवड्याला एकदा टोकाच्या तारेवर झटका कुंपणाचा टेस्टर लावा. चार हजार व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. कमी दिसले तर बहुतेक वेळा गवतच असतं. श्रावणात गवत खालच्या तारेला टेकतं आणि सगळी ताकद जमिनीत उतरते. ओघळी बघा, पावसानं माती गेली की खाली वीतभर फट पडते आणि डुकराला तेवढी पुरते, तिथे दगड रचा. वाटेच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा, शाळेत जाणाऱ्या लेकरांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.

अनुदानाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमचं गाव जंगलालगत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतलं सौर कुंपण तुमच्या गावाला लागू आहे का, ते विचारा. आणि पीक खाल्लं गेलं तर त्याच दिवशी फोटो काढून वनविभागाला अर्ज करा. लोक आठ दिवस चिडतात, मग अर्ज करतात. तोवर पंचनाम्याला काही दिसत नाही.

प्रश्न: शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या की डुकरं येत नाहीत म्हणतात. खरं का?
*— एक वाचक, पाटोदा*

उत्तर: ताई, आठ-दहा दिवस खरं. डुकराची नजर अधू असते, नाक तिखट. साडी हलते, माणसाचा वास येतो, म्हणून आधी बिचकतं. मग सवय होते. मक्याची कणसं दुधात आली आणि तोडणीला पंधराच दिवस राहिले असतील तर बांधा, मध्येच एकदा साड्यांची जागा बदला. हंगामभर त्यांच्या भरवशावर झोपू नका. आणि नायलॉनच्या साड्या पीक निघाल्यावर गोळा करा, चिंध्या गाईच्या पोटात जातात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. लातूरच्या बाहेर ४० बाय ६० चा प्लॉट आहे, जमीन काळीभोर. सहा वर्षांपूर्वी चार इंची विटांची भिंत घातली, पाया दीड फूट. आता ती मधूनच फाटली आहे आणि एका बाजूला कलली आहे. पाडून पुन्हा बांधायची, तर शेजारी म्हणतात, भिंत आमच्या हद्दीत दोन फूट आहे. काय करावं?
*— एक वाचक, लातूर*

उत्तर: गुरुजी, भिंत मिस्त्रीनं वाईट बांधली असेलही, पण ती फोडली काळ्या मातीनं. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल अशा भेगा पडतात. दीड फुटावरचा पाया दरसाल वर-खाली होतो. विटेला ताण सोसत नाही, ती तडकते. तुमच्या घराच्या पायाला जो विचार केला तोच भिंतीलाही करायला हवा होता.

दोन वाटा आहेत. पक्कीच भिंत हवी असेल तर दर आठ-दहा फुटांवर आरसीसीचा खांब, त्याचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल, आणि खांबांना खालून बांधणारी बीम. विटा त्या बीमवर उभ्या राहतील, मातीवर नाही. बीमच्या खाली मातीला फुगायला थोडी पोकळी ठेवा. भिंत सलग ओढू नका, मधे सांधा सोडा. भिंतीलगत झाडाची आळी किंवा नळाचं सांडपाणी नको.

दुसरी वाट, आणि मी तुम्हाला हीच सुचवीन, प्रीकास्ट. सिमेंटचे खाचा असलेले खांब रोवायचे आणि खाचांत फळ्या सरकवायच्या. जमीन हलली तरी फळी खाचेत थोडी हलते, फुटत नाही. फुटली तर तेवढी एक बदलता येते. पण खांब दीड फुटावर रोवून द्यायला कंत्राटदार तयार असतो, तेव्हा पदर खोचून समोर उभं राहा. काळ्या जमिनीत तीन फूट तरी, खड्डा तळाला रुंद, आणि भरताना निघालेली काळी माती परत टाकायची नाही. मुरूम, दगड आणि काँक्रीट. काम दिवाळीनंतर काढा, माती कोरडीही नसते आणि चिखलही नसतो. सिमेंटचा खांब घ्यायच्या आधी एक तोडून दाखवायला सांगा, आतल्या सळया मोजा, आणि पाणी मारून निदान तीन आठवडे झालेलाच उचला.

आमच्याकडच्या लोकांना उंच, जाड भिंत म्हणजे भक्कम वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या अशाच जाड भिंती माणसांवर पडल्या. तुमचा जिल्हा ते विसरलेला नाही. वाटेकडेची भिंत कमी उंचीची ठेवून वर लोखंडी जाळी द्या. शेजारची लेकरं तिच्या सावलीत खेळतात. किती उंची चालते ते पालिकेत आधी विचारा.

आता हद्द. विटेला हात लावायच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका. शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणी त्यांच्या समोर होते, खुणा ठरतात, तुम्हाला 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना स्वतः बोलवायला जा. पाया फुटभर तुमच्याच बाजूला घ्या, कारण भिंत सरळ दिसली तरी पायाचा रुंद भाग पलीकडे जातो आणि भांडण तिथूनच उकरून निघतं. दोन फूट खरंच त्यांचे निघाले तर देऊन टाका, गुरुजी. ज्यांच्या भिंतीला भिंत लागते त्यांचाच दरवाजा रात्री-बेरात्री वाजवावा लागतो.

प्रश्न: आमच्या हळदीच्या रानातून मागच्या तीन घरांची जुनी गाडीवाट जाते. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. सगळं वावर तारेनं बंद केलं तर चालेल का?
*— एक शेतकरी, वसमत*

उत्तर: नाही. नोंद नसली तरी वहिवाट असते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली ते सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जातील आणि तुमची तार निघेल. वाट सोडून दोन्ही बाजूंनी कुंपण घ्या, किंवा दोन्ही टोकांना बारा फुटी फाटक बसवा आणि कुलूप लावू नका. उसाचा ट्रॅक्टर आणि हळदीची गाडी वळेल एवढी जागा कोपऱ्यात सोडा. ज्याच्या घरचं आजारी माणूस त्या वाटेनं दवाखान्यात न्यायचं असतं, तो तुमच्या तारेकडे कसं बघेल, याचाही विचार करा.

प्रश्न: अक्का, मी अंबड तालुक्यातली. नवरा पुण्यात कंपनीत आहे, अडीच एकर मोसंबी मी आणि सासूबाई बघतो. बाग चौकोनी, ३३० बाय ३३० फूट. शेळ्या आणि धनगरांची मेंढरं आत येतात, नवी पालवी खातात. धनगर सांगूनही ऐकत नाहीत. तारेला पैसे नाहीत. झाडांचं कुंपण करता येईल का? कोणी म्हणतं शेर लावा, कोणी म्हणतं वेडी बाभूळ लावा, तीन वर्षांत भिंत होते. सासूबाई म्हणतात आमच्या काळी कुपाटीच असायची.
*— एक वाचक, अंबड तालुका*

उत्तर: सूनबाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांचं बरोबर आहे आणि त्यांच्यापासूनच सुरुवात करायची आहे.

झाडांचं कुंपण करता येतं, स्वस्तात येतं, आणि तारेपेक्षा जास्त वर्षं टिकतं. पण पहिली तीन-चार वर्षं ते कुंपण नसतं, ती नुसती रोपं असतात आणि शेळ्यांना रोपं फार आवडतात. या वर्षांसाठी बाहेरून कुपाटी हवीच. बोराटीच्या आणि बाभळीच्या फांद्या, बुंधे आत, काटे बाहेर, एकमेकींत गुंतवत जायचं आणि वरून दगड ठेवायचे. दर उन्हाळ्यात वाळवी लागते आणि वाऱ्यानं विस्कटते, तेव्हा दरसाल दसऱ्यानंतर वरून नवी थर. हे काम सासूबाईंकडून शिकून घे. फांदी कोणत्या बाजूनं ओढली की हाताला काटा लागत नाही, हे मी पुस्तकात कुठे वाचलं नाही, माझ्या आईनं दाखवलं.

आता झाडं. वेडी बाभूळ लावू नकोस. भिंत होते हे खरं, पण शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी तुझ्या बागेत, ओढ्यात, शेजाऱ्याच्या पडीकात पसरतं. एकदा शिरली की मुळासकट काढायला पोकलेन लागतो. शेर काटकीनं लागतो, पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. फांदी तोडताना मी कामगाराला चष्मा बांधायला लावते. घरात लहान लेकरं असतील तर शेर आखाड्याजवळ आणि वाटेच्या कडेला नको, मागच्या दगडाळ बाजूला चालेल.

तुझ्या बागेला मी करवंद सांगेन. आपल्या उन्हाला आणि कोरड्या सालाला दबत नाही, काटा दुहेरी आणि कडक, छाटलं की दाट होतं, आणि वर फळ देतं. हळू वाढतं, चार वर्षं धर. चहूबाजूंनी तुझं माप १,३२० फूट होतं. दोन ओळी, दोन रोपांत दोन फूट, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीच्या फटीसमोर. म्हणजे ओळीला ६६०, एकूण १,३२० रोपं. विकत घेऊ नकोस. मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं घे, गर खा, बी धुऊन सावलीत सुकव आणि आठवड्यात पिशवीत पेर. करवंदाचं बी ठेवलं की उगवत नाही, ताजंच लावावं लागतं. ती रोपं वर्षभर पिशवीत सांभाळ आणि पुढच्या मृगात बांधावर लाव. दोन उन्हाळे पाणी लागेल, मोसंबीच्या ठिबकचीच एक नळी बाहेर काढ.

जिथून मेंढरं हमखास घुसतात त्या कोपऱ्यांना घायपात लाव. मोठ्या घायपाताच्या बुडाशी पिल्लं असतात, ती फुकट मिळतात. एकदा तुरा आला की झाड मरतं, पण तोवर पिल्लांनी जागा भरलेली असते. पानाच्या टोकाचा काटा कात्रीनं छाटून टाक, लेकराच्या डोळ्याच्या उंचीला येतो. चिलारही लोक लावतात. तीच ती पिवळ्या फुलांची काटेरी वेल. कुंपण तिच्याइतकं दाट कोणाचं नाही, पण दर वर्षी कोयत्यानं मागे हटवायला माणूस हवा. तुम्ही दोघीच आहात, म्हणून नको म्हणते.

कुंपणाची ओळ मोसंबीच्या शेवटच्या झाडापासून दहा-बारा फूट लांब ठेव आणि मधे दोन फूट खोल चर घे. नाहीतर कुंपणाची मुळं खत-पाणी ओढतात आणि कडेची झाडं खुरटतात. चरात पावसाचं पाणीही मुरेल. पश्चिमेच्या बाजूला आतून शेवरीची ओळ टाक, उन्हाळ्यातली झळ अडेल आणि शेळ्यांना बाहेर टाकायला पाला मिळेल.

आणि धनगरांचं. तू लिहिलंस, ते सांगूनही ऐकत नाहीत. एकदा वेगळ्या पद्धतीनं बोलून बघ. खळं झालं की आपल्याकडे वावरात मेंढरं बसवायची रीत आहे. धनगराला धान्य किंवा पैसे द्यायचे, रात्रीचा कळप रानात बसतो आणि लेंडीखत पडतं. शेजारच्या कोणाच्या मोकळ्या रानात त्यांना बसवायचं ठरव, तुझ्या बागेला त्या लेंडीखताच्या चार गाड्या माग. ज्या वाटेनं त्यांचा कळप दरसाल जातो ती वाट तुझ्या बांधाला लागून असेल तर तिथे कुपाटी एक हात आत सरकव. वाट रुंद झाली की मेंढरू तुझ्या पालवीपर्यंत पोचत नाही. कळपाबरोबरच्या बाईला विहिरीवर पाणी भरू दे. माझ्या माहेरच्या बागेत पंधरा वर्षं मेंढरू शिरलं नाही. तिथे कुंपण होतं कमरेएवढं, आणि कळपाची म्हातारी आईला बहीण म्हणायची.

या वर्षी मे महिन्यात बी पेरलंस तर पुढच्या मृगापर्यंत रोपं वीतभर होतील. तोवर दसऱ्याला कुपाटीची पहिली थर घाल, आणि बागेचा बाहेरून एक फोटो मला पाठव. फटी कुठे राहिल्या ते बघून सांगते.